कर्तव्य, निवड आणि विलंब : सोफोक्लीजच्या दोन शोकात्मिका आणि कुमार वाचक

१

सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ ही शाळेच्या वर्गात चांगलीच रुजलेली ग्रीक शोकात्मिका आहे. ग्रीसमध्ये ‘लिकिओ’च्या, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेच्या, दुसऱ्या वर्षी विद्यार्थी तिचे अध्ययन करतात, अमेरिकेतील अनेक हायस्कूलांत ती इंग्रजी अनुवादातून वाचली जाते. पंधरा ते सतरा वर्षांच्या या वाचकांपुढे ती बहुधा एका ठरीव प्रश्नाच्या रूपाने ठेवली जाते : राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी योग्य, की राज्याच्या रक्षणासाठी तिला शिक्षा करणारा क्रेऑन योग्य? वर्गाचे दोन पक्ष पाडले जातात, कधी क्रेऑनवर लुटुपुटीचा खटला चालवला जातो आणि अखेरीस मते मोजली जातात. या पद्धतीने वर्गात चैतन्य येते, एरवी गप्प बसणारे विद्यार्थी बोलू लागतात, हा लाभ लहान नव्हे. परंतु या चर्चेत शोकात्मिकेचे शोकात्मिका म्हणून काय होते, हा प्रश्न उरतोच.

या मांडणीमागे हेगेलच्या विवेचनाची परंपरा आहे. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट’मध्ये आणि पुढे सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत त्याने या नाटकाकडे कुटुंबधर्म आणि राज्यधर्म यांच्या संघर्षाचे उदाहरण म्हणून पाहिले. दोन्ही बाजूंना आपापले समर्थन आहे. दोष आहे तो प्रत्येकीच्या एकांगीपणाचा, असा त्याचा आशय. शाळेपर्यंत येता येता या विचारातील एकांगीपणाची चिकित्सा गळून पडते आणि ‘दोघेही आपापल्या परीने बरोबर’ एवढेच सोपे सूत्र हाती उरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सूत्राला मानसशास्त्राचे पाठबळ मिळाले. लॉरेन्स कोहलबर्गने १९५८ च्या आपल्या प्रबंधात मुलांच्या नैतिक विकासाचा अभ्यास करताना त्यांच्यापुढे काल्पनिक पेच ठेवले. मरणासन्न पत्नीसाठी औषध चोरावे की नाही, या विवंचनेत सापडलेल्या हाइन्झची गोष्ट हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पेच. पुढे असे पेच वर्गात चर्चेला घेणे ही नैतिक शिक्षणाची एक मान्य पद्धतीच झाली. ‘अँटिगनी’ या पद्धतीला सोयीची वाटते, कारण वरवर पाहता तीही एक असाच पेच आहे.

प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, शोकात्मिका आणि नैतिक पेच या दोन भिन्न वस्तू आहेत. पेचात कर्तव्ये आधीच ठरलेली असतात, निवड तेवढी बाकी असते. हाइन्झला भूतकाळ नाही, भाषा नाही, आणि उशीर झाला तर काय, हा प्रश्नही त्याच्या गोष्टीत नाही. शोकात्मिकेत कर्तव्य कोणते हेच कृतीच्या ओघात, चुकत आणि उशिरा कळत जाते. पेच विद्यार्थ्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवतो. शोकात्मिका त्याला ज्याच्यावर निर्णयाची वेळ आली आहे अशा माणसाच्या शेजारी उभे करते. सोफोक्लीजच्या दोन नाटकांच्या आधारे हा फरक स्पष्ट करता येईल.

२

प्रथम ‘कर्तव्य’ या शब्दाचाच विचार करणे आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाभोवती बरेच काही साचलेले आहे. गीतेतील स्वधर्म, शालेय पुस्तकांतील नागरिकाची कर्तव्ये आणि काही अंशी कान्टचे नीतिशास्त्र या सर्वांची पुटे त्यावर आहेत. पाचव्या शतकातील अथेन्सच्या नाटककाराजवळ या अर्थाचा एकच नेमका शब्द नव्हता. नीतिशास्त्राची संज्ञा म्हणून ‘कथेकॉन’ हा शब्द पुढे स्टोइक तत्त्वज्ञांनी रूढ केला. शोकात्मिकेत आढळतात ते ‘नोमॉस’, ‘दिके’, ‘फिलॉस’ यांसारखे शब्द. त्यांपैकी ‘नोमॉस’ म्हणजे राजाचा कायदाही आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीतही. अँटिगनी आणि क्रेऑन दोघेही हाच शब्द वापरतात, पण त्यांना अभिप्रेत असलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. ‘फिलॉस’ म्हणजे आप्त आणि मित्र. क्रेऑनच्या लेखी राज्याचा शत्रू हा कधीही ‘फिलॉस’ असू शकत नाही. अँटिगनीच्या लेखी ते नाते जन्मानेच ठरलेले असते. तेव्हा दोन कर्तव्यांच्या टकरीआधी येथे एकाच शब्दाच्या दोन अर्थांची टक्कर आहे. अनुवादात ‘नोमॉस’साठी एका ठिकाणी ‘कायदा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘धर्म’ असे शब्द योजले, की ही टक्कर विद्यार्थ्याच्या नजरेआड होते.

मराठीतील ‘कर्तव्य’ हा शब्द मात्र व्याकरणाच्या अंगाने पाहिला तर येथे साहाय्यक ठरतो. ‘कृ’ धातूला ‘तव्य’ प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. जे करावयाचे आहे ते कर्तव्य. म्हणजे नाम होऊन स्थिर होण्यापूर्वी हा शब्द अजून न घडलेल्या कृतीकडे बोट दाखवतो. ग्रीकमध्ये ‘नाटक’ या अर्थाचा ‘द्रामा’ हा शब्दही ‘करणे’ याच अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. काय करावयाचे, हा प्रश्न दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे. तो कोणाला, कोणत्या क्षणी पडतो, हे पाहत नाटक वाचणे हा चर्चेचा अधिक फलदायी मार्ग होय.

३

क्रेऑनला वर्गात सहसा हुकूमशहा म्हणून ओळखले जाते. नाटकाच्या अखेरीकडून पाहता ते खरेही आहे. परंतु प्रारंभी तो तसा दिसत नाही. राज्यकारभार हाती घेताना तो जे भाषण करतो, ते अथेन्सच्या नागरिकांना आदर्श वाटावे असे होते. इ. स. पू. ३४३ मध्ये डेमॉस्थेनिसने इस्किनीजवर खटला भरला तेव्हा याच भाषणाचा उतारा न्यायसभेत वाचवून घेतला. पूर्वी नट असलेल्या इस्किनीजने क्रेऑनची भूमिका अनेकदा केली होती. जे बोलून दाखवले तसे तो वागला नाही, असा डेमॉस्थेनिसचा टोला होता. देशद्रोह्याला ॲटिकाच्या भूमीत दफन नाकारण्याचा कायदाही अथेन्समध्ये होता. क्रेऑनचे पाऊल वाकडे पडते ते दफन राज्याच्या भूमीत नाकारण्यापलीकडे जाऊन प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघडे टाकण्यात, आणि शोक करणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवण्यात. एका समर्थनीय तत्त्वापासून एका असह्य कृतीपर्यंत तो पायरी पायरीने कसा जातो, हे संहितेत दाखवता येते. तो मुळातच दुष्ट होता असे मानले की विद्यार्थ्याला त्याच्याकडून स्वतःविषयी काही शिकण्यासारखे उरत नाही.

अँटिगनीच्या बाबतीत नेमकी उलट गल्लत होते. अलिखित, सनातन नियमांचा आधार घेणारे तिचे भाषण वर्गात आवर्जून वाचले जाते. ॲरिस्टॉटलनेही ‘ऱ्हेटोरिक’मध्ये निसर्गसिद्ध न्यायाचे उदाहरण म्हणून त्याचा निर्देश केला आहे. परंतु मृत्यूकडे जाताना ती आणखी काही बोलते, त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पती किंवा अपत्य यांच्यासाठी आपण हे केले नसते, कारण ती पुन्हा मिळू शकतात. आईवडील निवर्तल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. १८२७ साली एकरमानशी बोलताना गटेने हा भाग प्रक्षिप्त ठरावा, अशी इच्छा व्यक्त केली होती. ॲरिस्टॉटलने त्याचाही उल्लेख केला असल्याने तो निदान चौथ्या शतकाइतका जुना आहे, हे निश्चित. हा भाग वगळला तर अँटिगनी तत्त्वाची पुतळी होते. तो ठेवला तर दिसते ती एक मुलगी : जिने कृती आधी केली, आणि जी त्या कृतीची कारणे शेवटपर्यंत शोधते आहे. कारण आधी आणि कृती नंतर, हा पेचाचा क्रम. शोकात्मिकेत तो पुष्कळदा उलटा असतो.

४

या दोघांच्या भांडणात वर्ग इतका गुंततो की उरलेली दोन तरुण पात्रे बाजूला पडतात. वास्तविक विद्यार्थ्याची स्वतःची स्थिती त्यांच्या सर्वांत जवळची आहे. राजाज्ञा काढणे त्याच्या हाती नसते, आणि प्राण पणाला लावण्याचा प्रसंगही बहुधा येत नाही. दुसऱ्याने काढलेल्या आज्ञेखाली आणि दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाच्या शेजारी त्याला जगावे लागते. इस्मेनी आणि हेमॉन हेच करतात.

इस्मेनीला भित्री ठरवणे सोपे आहे. कुळावर ओढवलेल्या अनर्थांची आठवण, स्त्रीची दुर्बलता आणि सत्तेपुढील असहायता ही तिची तीन कारणे. मृतांनी आपल्याला क्षमा करावी, एवढीच तिची विनवणी. परंतु क्रेऑनसमोर उभी राहिल्यावर हीच इस्मेनी आपणही या कृत्यात सहभागी होतो असे सांगते. अँटिगनी तिला हा वाटा नाकारते, आणि तो नकार कठोर शब्दांत देते. उशिरा जागे झालेले धैर्य स्वीकारायचे की नाही, हा प्रश्न येथे उभा राहतो. ज्याने प्रथम कच खाल्ली त्याला परत येण्याची वाट असावी काय, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलांच्या मैत्रीतही रोज उद्भवतो, आणि त्यावर ती राज्य आणि व्यक्ती यांच्या संबंधांपेक्षा अधिक जाणतेपणाने बोलू शकतात.

हेमॉनची गोष्ट आणखी नाजूक आहे. तो पित्याच्या आज्ञेत असल्याचे सांगत प्रवेश करतो. नगरात लोक दबक्या आवाजात काय बोलतात ते पित्याच्या कानावर घालणे हेच तो पुत्राचे काम समजतो. पुरात वाकणारी झाडे वाचतात, शीड सैल न करणारा नावाडी बुडतो, असे दाखले तो देतो. क्रेऑनचा आक्षेप त्याच्या मुद्द्याला नसतो, वयाला असतो : आमच्या वयाच्या माणसांनी याच्या वयाच्या पोराकडून शिकायचे काय? हेमॉनचे उत्तर असे की वर्षे पाहू नयेत, म्हणणे पाहावे. संवादाची पुढील घसरण, एकेका ओळीत तुटत जाणारी भाषा आणि अखेर मुलाचे निघून जाणे, हे वर्गात मोठ्याने वाचले पाहिजे. आज्ञाधारकपणा आणि निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतील अंतर बोलून दाखवण्याची किंमत कनिष्ठालाच मोजावी लागते, हे येथे व्याख्येवाचून कळते.

आणि मग क्रेऑनचे परतणे. टायरेसिअसच्या भाकितानंतर तो बदलतो. काय करू, असे तो कोरसला विचारतो. कोरसचा सल्ला स्पष्ट आहे : आधी गुहेतील मुलीला मुक्त कर, मग प्रेताचे दफन कर. दूताच्या निवेदनातून कळते की क्रेऑन प्रथम पॉलिनायसीजच्या प्रेताकडे गेला, त्याचे अंत्यविधी केले, आणि त्यानंतर गुहेकडे वळला. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. दोन्ही कृती योग्य होत्या, क्रम चुकला. जिवंत माणसाआधी मृताकडे, व्यक्तीआधी विधीकडे जाण्याची त्याची वृत्ती पश्चात्तापातही सुटली नाही, असे म्हणता येईल. देवांचा अपराध आधी निस्तरावा, अशी धार्मिक भीतीही त्यामागे असू शकते. ‘काय योग्य?’ एवढ्याच प्रश्नावर थांबणाऱ्या चर्चेला हा तपशील दिसतच नाही. नैतिक निवडीला वेळेचे परिमाण असते, आणि योग्य निर्णयही उशिरा घेतल्याने दुसराच निर्णय होऊन बसतो, हे या नाटकाचे शिक्षण आहे.

हा मुद्दा निव्वळ संहितेपुरता नाही. ९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील फर्ग्युसन येथे पोलिसाच्या गोळीने अठरा वर्षांचा मायकेल ब्राउन मरण पावला, आणि त्याचे प्रेत सुमारे चार तास रस्त्यावर पडून होते. ज्या नॉर्मंडी हायस्कूलमधून तो त्याच वर्षी उत्तीर्ण झाला होता, तेथे २०१६ मध्ये ब्रायन डोरीज यांच्या ‘अँटिगनी इन फर्ग्युसन’ या प्रयोगाचा आरंभ झाला. सोफोक्लीजच्या संहितेचे नाट्यवाचन, कोरसच्या जागी स्थानिक गायकवृंद आणि त्यानंतर प्रेक्षकांशी चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. अशा सभागृहात क्रेऑनच्या बाजूने किती हात वर येतात, ही मोजणी निरर्थक होय. उघड्यावर पडलेले प्रेत म्हणजे काय, हे तेथील मुलांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. चर्चेचे काम होते ते दुःखाला आणि रोषाला सर्वांदेखत शब्द देण्याचे, आणि अथेन्समधील नाट्यमहोत्सवाचे एक काम तेच होते.

५

‘अँटिगनी’त सर्वांनाच उशीर होतो. वेळेवर परतलेला माणूस पाहायचा तर त्याच नाटककाराच्या ‘फिलॉक्टेटिस’कडे वळावे लागते. इ. स. पू. ४०९ मध्ये प्रथम पारितोषिक मिळवणारे हे नाटक शाळेत क्वचितच पोहोचते. वास्तविक कुमार वाचकासाठी त्याची योग्यता अधिक आहे. सर्पदंशाने चिघळलेल्या जखमेमुळे फिलॉक्टेटिसला ग्रीकांनी लेम्नॉस बेटावर एकटे टाकून दिले होते. दहाव्या वर्षी त्यांना कळते की त्याच्यावाचून आणि त्याच्याजवळ असलेल्या हेराक्लीजच्या धनुष्यावाचून ट्रॉय पडणार नाही. हे धनुष्य कपटाने मिळवण्यासाठी ओडिसिअस आपल्याबरोबर अकिलीजचा तरुण मुलगा निऑप्टोलेमस याला आणतो. हीच कथा ईस्किलस आणि युरिपिडीज यांनीही हाताळली होती. परंतु या कामगिरीवर निऑप्टोलेमसला आणण्याची कल्पना सोफोक्लीजची. म्हणजे कपटाच्या जुन्या कथेत एका मुलाला उभे करावे, असे नाटककाराला मुद्दाम वाटले. पिएर विदाल-नाके यांनी या पात्रात अथेन्सच्या ‘एफेब’ची, म्हणजे नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर सैनिकी शिक्षण घेणाऱ्या तरुणाची, प्रतिमा पाहिली आहे. हे अर्थनिर्णयन सर्वांना मान्य नसले तरी नाटकात ओडिसिअस आणि फिलॉक्टेटिस दोघेही त्याला ‘मुला’ म्हणून हाक मारतात, हे लक्षणीय आहे. अकिलीज मरण पावला आहे. पित्याच्या रिकाम्या जागेवर दोन वडीलधारी माणसे हक्क सांगत आहेत.

ओडिसिअसचे आवाहन चतुर आहे. दिवसाच्या एका लहानशा भागापुरती लाज सोड, पुढे जन्मभर सत्शील म्हणवून घे, असा त्याचा सल्ला. कपटाने जिंकण्यापेक्षा सरळपणाने हरणे बरे, असे म्हणणारा निऑप्टोलेमस शहाणा आणि शूर अशा दुहेरी कीर्तीच्या आशेने अखेर राजी होतो. येथे कर्तव्य आणि स्वार्थ असा उघड विरोध नाही. ओडिसिअसजवळ सैन्याचे हित आहे, वरिष्ठाची आज्ञा आहे, युद्ध संपवण्याचे प्रयोजन आहे. कर्तव्याची सारी भाषा त्याच्याच बाजूला आहे, आणि नाटकाची खरी विदारकता यात आहे.

मुलगा काम चोख करतो. खोटी हकीकत सांगून तो फिलॉक्टेटिसचा विश्वास मिळवतो. मग वेदनेची कळ येते; फिलॉक्टेटिस धनुष्य त्याच्या हाती सोपवतो, ओरडतो, निपचित पडतो. आता धनुष्य घेऊन निघून जाणे सहज शक्य आहे, आणि कोरस तसे सुचवतोही. तो जात नाही. येथून पुढे काय करावे, हा एकच प्रश्न त्याच्या तोंडी वारंवार येतो. कोणताही नवा सिद्धांत त्याला पटलेला नाही, कोणी वादात त्याचा पराभव केलेला नाही. एका माणसाचे दुःख त्याने जवळून पाहिले आहे, आणि त्या माणसाने त्याच्यावर विश्वास टाकला आहे. तरीही तो लगेच धनुष्य परत देत नाही. कपटाची कबुली देतो, पण धनुष्य धरून ठेवतो. ओडिसिअससह तो निघून जातो, आणि नंतर त्याच्याशी वाद घालत, त्याची धमकी झुगारून परततो आणि धनुष्य परत करतो. कबुली आणि परतफेड यांमधील हे अंतर चर्चेत धरून ठेवण्यासारखे आहे. चूक मान्य करणे आणि चुकीने मिळालेले हातावेगळे करणे यांत किती अवघड टप्पा असतो, हे वयाने लहान वाचकाला परकोटीचे परिचित असते.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. धनुष्य परत मिळूनही फिलॉक्टेटिस ट्रॉयला यायला नकार देतो. दिलेल्या शब्दाखातर निऑप्टोलेमस कीर्तीवर पाणी सोडून त्याला घरी न्यायला निघतो. तेवढ्यात हेराक्लीज प्रकट होतो आणि दोघांना ट्रॉयला जाण्याची आज्ञा देतो. म्हणजे ओडिसिअसला हवे होते तेच अखेर घडते. मग मुलाच्या निवडीला अर्थ काय? तिचा अर्थ परिणामात शोधला तर ती खरोखरच व्यर्थ ठरेल. परंतु फिलॉक्टेटिस ट्रॉयला जातो तो पळवून नेलेला कैदी म्हणून नव्हे, मित्रासोबत, आपले धनुष्य आपल्या हाती घेऊन. तेच प्रवासाचे ठिकाण, पण तीच कृती नव्हे. हा फरक निऑप्टोलेमसच्या परतण्याने शक्य झाला.

तरीही सोफोक्लीज विद्यार्थ्याच्या हाती सद्वर्तनाचे प्रशस्तिपत्र ठेवत नाही. ट्रॉय जिंकाल तेव्हा देवांविषयीचा पूज्यभाव सोडू नका, असे हेराक्लीज निरोप घेताना बजावतो. अथेन्सच्या प्रेक्षकांना पुढची कथा ठाऊक होती : ट्रॉय पडल्यावर देवाच्या वेदीचा आश्रय घेतलेल्या वृद्ध प्रायामला याच निऑप्टोलेमसने ठार मारले. लेम्नॉसवर एका दुखणाईत माणसासाठी थांबलेला मुलगा आणि वेदीपाशी शस्त्र उगारणारा योद्धा ही एकच व्यक्ती. एकदा केलेली योग्य निवड पुढच्या निवडीची हमी देत नाही, ती दर वेळी नव्याने करावी लागते. हेराक्लीजचे हे शेवटचे वाक्य वर्गात वाचून झाल्यावर शिक्षकाने प्रायामची कथा सांगावी, आणि विद्यार्थ्यांना लगेच मत विचारू नये.